हॅलोविनची पिशवी, आजीचा वेताळ आणि सहाव्या वर्षीची दाढ

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर संपत आला की वाचकांच्या पत्रांत हॅलोविनवरून ठरल्याप्रमाणे जुंपते. कुणी म्हणते, भुताखेतांचे हे परके खूळ आपल्याला कशाला. कुणी म्हणते, पोरांची मजा आहे, करू द्या. आम्हाला त्या वादात पडायचे नाही. ज्यांची नातवंडे अमेरिकेत आहेत त्यांच्या घरी ३१ ऑक्टोबरला हा सण होणारच आहे, आणि पुण्यामुंबईच्या बऱ्याच सोसायट्यांतही मुले रंगवलेल्या तोंडाने दारोदार चॉकलेटे मागत फिरणार आहेत. मग ती संध्याकाळ नीट कशी पार पाडावी, एवढेच या पत्रात आहे. आम्ही दोघे न्यू जर्सीत लहान मुलांचे दात पाहतो. पण 'गोड बंद करा' हे नेहमीचे पालुपद लावायला हे पत्र लिहिलेले नाही. आमचे म्हणणे इतकेच, की या रात्रीचा मोठा वाटा चॉकलेटाने नव्हे, गोष्टीने व्यापावा. गोड एका बैठकीत उरकावे, दात घासावेत आणि मग आजीचा वेताळ बाहेर काढावा. हा क्रम का, ते पुढे येईलच.

हॅलोविन मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. सुगी संपून हिवाळा लागताना तिथे सॉविनचा सण असे. ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर मृतात्म्यांचा. वसईत आणि गोव्यात २ नोव्हेंबरला कबरींवर फुले वाहून मेणबत्त्या लावतात, तो हाच दिवस. म्हणजे हे प्रकरण आपल्याला वाटते तितके परके नाही. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांना तिथे लाल भोपळा सापडला. कोरायला मऊ आणि आकाराने दांडगा, मग सलगम कोण कोरत बसतो? पिशवीभर चॉकलेटांचा प्रकार त्या मानाने कालपरवाचा. दुसऱ्या महायुद्धातले साखरेचे रेशनिंग अमेरिकेत १९४७ मध्ये उठले आणि त्यानंतर तो फोफावला. त्याआधी दारात आलेल्या पोरांच्या हातावर सफरचंद, अक्रोड, घरच्या भट्टीतली बिस्किटे पडत. तेव्हा परंपरेच्या नावाने कुणी पिशवीचा हट्ट धरला, तर गोष्टी पिशवीपेक्षा कितीतरी जुन्या आहेत हे त्याला खुशाल सांगावे.

आता दातांकडे वळू. तोंडात साखर गेली की दातांवरच्या थरातले जंतू ती खाऊन आम्ल करतात. पाचेक मिनिटांत तिथला पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितके आम्ल जास्त) साडेपाचाच्या खाली येतो आणि इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कडक कवचातली, खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते, पण त्याला अर्धा तास तरी लागतो, कधी त्याहून जास्त. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हा उतार-चढाव आलेखावर मांडला आणि दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तो आजही काढावा लागतो. त्याचा घरच्यापुरता अर्थ सोपा आहे. मुलाने जेवणानंतर चार चॉकलेटे एकदम खाल्ली, तर दातांवर आम्लाचा मारा एकदाच होतो. तीच चार चॉकलेटे संध्याकाळी पाच ते आठ दर पाऊण तासाने चघळली, तर तोच मारा चार वेळा होतो, आणि लाळ एक निवळवते न निवळवते तोच दुसरा सुरू. साखर तेवढीच, नुकसान मात्र कितीतरी जास्त. किती खाल्ले हे पालक मोजतात. किती वेळा खाल्ले हे कुणी मोजत नाही.

हे सिद्ध झाले त्याची कथा मात्र हॅलोविनच्या कुठल्याही कथेपेक्षा भयाण आहे. स्वीडनमध्ये लुंड गावाजवळ व्हिपेहोल्म नावाची मतिमंदांची संस्था होती. १९४० च्या दशकात तिथल्या रहिवाशांना, त्यांची संमती घेण्याचा प्रश्नच न ठेवता, दोन जेवणांच्या मध्ये दाताला चिकटणारी टॉफी खाऊ घालून त्यांचे दात किडू दिले गेले. जेवणाबरोबरच्या साखरेने फारसे बिघडत नाही, मधल्या वेळच्या चिकट गोडाने दात झपाट्याने जातात, हा निष्कर्ष तिथून निघाला. प्रयोग लाजिरवाणा, निष्कर्ष खरा. त्यानंतर स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेटे फक्त शनिवारी द्यायची प्रथा रुजली, आणि शनिवारच्या मिठाईसाठी त्यांच्या भाषेत वेगळा शब्दच आहे.

पिशवीतले सगळे माल सारखे नसतात. साधे दुधाचे चॉकलेट त्यातल्या त्यात बरे. ते वितळते आणि लाळेबरोबर निघून जाते. कॅरॅमल, टॉफी, जेलीची अस्वले दाढांच्या खाचांत बसून राहतात. आंबट गोळ्या सर्वांत वाईट. त्यांच्यावरच्या भुरभुरीत सायट्रिक किंवा मॅलिक आम्ल असते, म्हणजे जंतूंनी आम्ल करायची वाटही पाहावी लागत नाही. 'शुगरफ्री' लिहिलेल्या आंबट लॉलीपॉपलाही हे लागू आहे. कडक गोळ्या तोंडात पंधरा-पंधरा मिनिटे घोळतात. आणि आरोग्याच्या नावाखाली पिशवीत पडणारे मनुके आणि खजुराच्या वड्या चिकटण्यात टॉफीच्या पंगतीला बसतात. गूळ नैसर्गिक म्हणून दाताला सोसतो, हा आपल्याकडचा लाडका समज आहे. गुळातली साखर ही साखरच. जंतू पाकीट वाचत नाहीत.

प्रमाण सांगायचे तर 'फन साइज' म्हणून मिळणारे छोटे चॉकलेट साधारण १५ ते १८ ग्रॅमचे असते आणि त्यात ८ ते १० ग्रॅम साखर असते. दोन वर्षांवरच्या मुलांसाठी वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी, अशी अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. म्हणजे अशा तीन चॉकलेटांत दिवसाचा कोटा संपला. सणाच्या दिवशी तो ओलांडला म्हणून आभाळ कोसळत नाही, पण आकडा ठाऊक असावा.

आजी-आजोबांनी एक गोष्ट मुद्दाम पाहावी, ती म्हणजे सहाव्या वर्षीची दाढ. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. कुठला दात पडून ती येत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही, आणि लागला तरी ती दुधाचीच समजली जाते. तिचे इनॅमल कच्चे असते, माथ्यावरच्या खाचा खोल असतात आणि ती पुढच्या दाढांपेक्षा खाली असल्याने ब्रश तिच्यावरून नुसता सरकून जातो. कॅरॅमल नेमके तिथे बसते. मुलाचे डोके आपल्या मांडीवर घ्यावे, ओठ बोटाने बाजूला करावा, मोबाइलच्या टॉर्चने शेवटपर्यंत पाहावे. ती दाढ दिसली की ब्रश रांगेला समांतर न धरता गालाकडून आत आडवा घालावा आणि फक्त तिचा माथा दहा वेळा घासावा. दाढ पुरती वर आली की दंतवैद्याकडून खाचा भरून घ्याव्यात. त्याला सीलंट म्हणतात, टोचावे-कोरावे लागत नाही आणि एका दाढेला काही मिनिटेच लागतात. दुधाच्या दाढांमध्ये कीड बहुतेक वेळा दोन दाढांच्या फटीत लागते. तिथे ब्रश पोचत नाही, दोराच लागतो. मुठीत धरायच्या दांडीचा फ्लॉस मुलांच्या तोंडात फिरवायला सोपा. आणि 'पडणारच आहेत' म्हणून दुधाच्या दाढा वाऱ्यावर सोडू नयेत. शेवटची दुधाची दाढ दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत जागा धरून बसायची असते.

आता त्या संध्याकाळचा क्रम. पाचच्या सुमारास, वेष चढवण्याआधी, पोटभर जेवण: वरणभात, अंडे, पनीर, जे घरात चालते ते. उपाशी मूल रस्त्यातच पिशवीला हात घालते. जेवलेले मूल घरी येईपर्यंत थांबते, निदान दोन घरे जास्त थांबते. बरोबर पाण्याची बाटली द्यावी, ज्यूस नव्हे. आठला परतल्यावर पिशवी जमिनीवर ओतावी. मुलांना हा भाग फिरण्याहून जास्त आवडतो, तेव्हा घाई करू नये. फाटलेले वेष्टन आधी बाजूला. चार वर्षांखालचे भावंड असेल तर कडक गोळ्या, दाणे, पॉपकॉर्न त्याच्या हाताला लागणार नाहीत असे उचलावेत, कारण हे श्वासनलिकेत अडकते. कुत्रा असेल तर चॉकलेट, मनुके आणि झायलिटॉलचे (साखरेऐवजी घालतात ते गोड) च्युइंगगम त्याच्यासाठी विष आहे. मग मुलाने आपल्या आवडीची तीन-चार निवडावीत आणि तिथेच, बसून, पंधरा मिनिटांत खाऊन टाकावीत. वर पाण्याची चूळ आणि चीजचा एक तुकडा. चीजने लाळ सुटते आणि आम्ल लवकर निवळते.

त्यानंतर अर्धा तास ब्रशला हात लावू नये. विशेषतः आंबट काही खाल्ले असेल तर मऊ पडलेले इनॅमल लगेच घासल्याने झिजते. हा अर्धा तास तोंडावरचा रंग उतरवण्यात आणि आंघोळीत सहज जातो. खोबरेल तेलाने रंग सुटतो, नुसत्या साबणाने फक्त पसरतो. मग दोन मिनिटे ब्रश. पेस्ट तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, फ्लोराइडची. भारतात मुलांच्या रंगीत पेस्टांमध्ये फ्लोराइड कधी निम्मे असते, कधी नसतेच, म्हणून पाकिटावर १००० पीपीएम लिहिले आहे का ते वाचून घ्यावे. (चंद्रपूर-यवतमाळच्या ज्या गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे आधी दंतवैद्याला विचारावे.) घासून झाल्यावर थुंकायचे, चूळ भरायची नाही, भरली तर फ्लोराइड मोरीत जाते. यानंतर सकाळपर्यंत फक्त पाणी. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणून ब्रशनंतरचे एक चॉकलेट दिवसा खाल्लेल्यापेक्षा महागात पडते. आणि आता गोष्ट.

ज्यांच्या दातांवर स्टीलची टोपी, जागा धरणारी तार किंवा ब्रेसेस आहेत, त्यांनी टॉफी, कॅरॅमल आणि चिक्कीच्या वाटेला जाऊ नये. टोपी अलगद उपटून येते. आली तर धुऊन डबीत ठेवावी आणि दंतवैद्याला फोन करावा. बऱ्याचदा तीच पुन्हा बसवता येते. पॉपकॉर्नचे टरफल हिरडीत घुसून दोन दिवसांनी सूज आणते, तेव्हा हिरडी सुजली तर आधी तिथे दोरा फिरवून पाहावा. रक्तपिपासूचे सुळे चिकटवायला सुपरग्लू किंवा नखांचा डिंक वापरणारी मोठी मुले दर वर्षी निघतात. सुळे निघत नाहीत, निघाले तर इनॅमलचा कपचा घेऊन निघतात. गरम पाण्यात मऊ करून दातावर बसवायचे सुळे मिळतात, तेच घ्यावेत.

घरी केलेला खाऊ अनोळखी मुलांना द्यायचा नाही, हे अमेरिकेत नव्याने येणाऱ्या आजींना खटकते. पण दिला तरी पुढच्या घरी तो कचऱ्यात जातो. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये एका बापाने स्वतःच्याच मुलाला गोड पुडीतून सायनाइड दिले, तेव्हापासून धास्ती अधिकच बसली. डेलावेअर विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी वर्षानुवर्षांच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने हॅलोविनच्या खाऊतून मूल मारल्याचे एकही प्रकरण त्यांना मिळाले नाही. धास्ती मात्र पक्की आहे, आणि शेंगदाणे-काजूंच्या अॅलर्जीमुळे तिला आता रास्त कारणही आहे. दारात निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा दिसला तर समजावे की त्या घरी खाण्याऐवजी स्टिकर, पेन्सिली, अंधारात चमकणाऱ्या बांगड्या मिळतात. २०१४ पासून ही पद्धत अमेरिकाभर पसरली. आपल्या दारातही असा भोपळा ठेवायला काहीच हरकत नाही. खर्च चॉकलेटांइतकाच येतो.

घरचे पदार्थ घरच्यांसाठी आणि ओळखीच्या मुलांसाठी करावेत, आणि इथे आपले स्वयंपाकघर उपयोगी पडते. आमची पहिली पसंती निवगऱ्यांना. मोदकांची उकड उरली की आई-आजी मिरची-जिरे घालून करतात त्याच. साखर शून्य, पांढऱ्याशुभ्र, आणि भुताचा आकार घ्यायला तयार. एक वाटी पाण्यात एक चमचा तेल, पाव चमचा मीठ, अर्धा चमचा जिरे आणि एक वाटलेली हिरवी मिरची घालून उकळी आणावी, आच बारीक करून एक वाटी तांदळाची पिठी एकदम ओतावी, उलथन्याने ढवळून झाकण ठेवावे, दोन मिनिटांनी बंद करावे. एरवी घालतो ती कोथिंबीर इथे वगळावी, नाहीतर भूत गवतात लोळून आल्यासारखे दिसते. उकड हाताला सोसेल इतकी गरम असतानाच तेला-पाण्याच्या हाताने पाच मिनिटे मळावी. लिंबाएवढा गोळा घेऊन एक टोक निमुळते करावे आणि खालची कड बोटांनी चिमटून पसरट करावी, चादर पांघरल्यासारखी. डोळ्यांना दोन काळे तीळ ओल्या बोटाने टेकवावेत. तिळाची अॅलर्जी असेल तर जिरे. चाळणीला तेल लावून दहा मिनिटे वाफवावे. फसते ते दोन ठिकाणी. अमेरिकन दुकानातली भरड पिठी घेतली तर कडा तडकतात. इंडियन स्टोअरमधली मोदकाची बारीक पिठी घ्यावी. आणि उकड गार होऊ दिली तर कितीही मळा, भुताला भेगा जातातच. तेव्हा उरलेली उकड ओल्या फडक्याखाली झाकावी. ज्यांना मोदकाच्या कळ्या कधीच जमल्या नाहीत, त्यांची भुते हमखास चांगली होतात.

भोपळा कोरताना आतल्या बिया निघतात, त्या टाकू नयेत. एक वाटी बिया धुऊन दोन वाट्या पाणी आणि चमचाभर मीठ घालून दहा मिनिटे उकळाव्यात, गाळून पंचावर तासभर पसराव्यात. ओल्या बिया ओव्हनमध्ये भाजत नाहीत, वाफवल्या जातात आणि चामट होतात. चमचाभर तेल चोळून ३२५ फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे १६५ सेल्सिअसला, वीस-पंचवीस मिनिटे भाजाव्यात, मधून दोनदा हलवाव्यात. तिखट आणि जिरेपूड बाहेर काढल्यावर. आधी घातली की करपते. लहानग्यांना या बिया देऊ नयेत.

घारग्यांसाठी मात्र कोरायचा मोठा भोपळा कामाचा नाही, तो पाणचट आणि दोऱ्यादोऱ्यांचा असतो. दोन-तीन पौंडांचा छोटा गोड भोपळा घ्यावा. दिवा लावून दोन दिवस ओट्यावर ठेवलेला भोपळा तर कुणीच शिजवू नये. आतून बुरशी धरलेली असते. वाफवून कुस्करलेल्या एक वाटी भोपळ्यात, गरम असतानाच, अर्धी वाटी गूळ. नेहमीपेक्षा हा कमी आहे, पण भोपळ्याची गोडी असते. गार झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलदोडा, दोन चमचे पिठी आणि बसेल तेवढी कणिक, साधारण दीड-दोन वाट्या. पाणी अजिबात नाही. डब्यातला भोपळा वापरला तर आधी कढईत दहा मिनिटे परतून कोरडा करावा, आणि डब्यावर 'पाय फिलिंग' लिहिलेले असेल तर परत ठेवावा, त्यात साखर आणि मसाला आधीच असतो. घारगा थापून बाटलीच्या झाकणाने डोळे पाडले की तो फुगत नाही, पण चेहरा छान येतो. मध्यम आचेवर तळावा. मोठ्या आचेवर गूळ आधी काळा होतो आणि आत पीठ कच्चे राहते.

काडी खुपसलेली कॅरॅमलची सफरचंदे घरी करायचा मोह टाळलेला बरा. दातांचे सोडाच, २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत अशा सफरचंदांतून लिस्टेरिया नावाचे जंतू पसरून माणसे दगावली. काडीने सफरचंदाला भोक पडते, रस कॅरॅमलखाली झिरपतो आणि फ्रिजबाहेर ठेवले की तिथे जंतू वाढतात. करायचीच असतील तर त्याच दिवशी खावीत, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावीत.

आता गोष्ट. 'आजी, भुताची गोष्ट सांग' असे म्हटले की आजी टीव्हीवरची सांगते. त्यापेक्षा विचारावे: शाळेतून येताना कोणत्या झाडाखालून पळत जायचात? रात्री विहिरीवर कोण पाठवायचे? कोण सर्वांत जास्त घाबरले, आणि शेवटी काय निघाले? मग गावाची पाणंद निघते, पार निघतो, कंदील घेऊन पुढे चालणारा गडी निघतो. अमेरिकेत वाढणाऱ्या मुलाला हे शब्द ठाऊक नसतात. ते गोष्टीच्या मध्ये समजावत बसू नये, भीतीचा सगळा जीव जातो. दुपारीच दोन फोटो दाखवून ठेवावेत.

कुठले भूत कुणासाठी, हे पाहावे लागते. पाच-सहा वर्षांच्या मुलांना चकवा उत्तम. रक्त नाही, मरण नाही. माणूस ओळखीच्या माळावर रात्रभर गोल गोल फिरतो आणि उजाडल्यावर कळते की घर हाकेच्या अंतरावर होते. उतारा असा, की धावू नये, बसून राहावे, दिवस उगवू द्यावा. आयर्लंडमध्येही हाच चकवा आहे. शेतातल्या एका ठरावीक ढेकळावर पाय पडला की स्वतःच्या शेतातून बाहेर पडायची वाट सापडत नाही, आणि त्यांचा उतारा म्हणजे अंगातला कोट उलटा करून घालायचा. ही दोन्ही एका रात्री सांगितली तर पोरे झोपण्याआधी शर्ट उलटे करून पाहतात. देवचार आणि वेताळही चालतात, कारण ते राखण करणारे. गोव्यात आणि दक्षिण कोकणात वेताळाला वहाणा वाहतात. रात्रभर गावाच्या सीमेवरून फिरून त्याच्या झिजतात म्हणून. सकाळी देवळात झिजलेली वहाण दिसते, एवढ्यावर गोष्ट सोडली तरी पुरे. मुंजा दहा वर्षांपुढच्यांना. पिंपळावरचा तो पोर मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला असतो, हे लहानांना झेपत नाही. हडळीची गोष्ट आम्ही मुलांपुढे टाळू. बाळंतपणात गेलेल्या बाईला भूत करून ठेवणारी ती गोष्ट आहे. आणि गावातल्या खऱ्या बाईचे नाव घेऊन 'ती चेटकीण होती' असे तर कुणीच सांगू नये. त्या आरोपापायी बायकांचे जीव गेले आहेत, आणि महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

सांगताना दिवा पूर्ण मालवू नये, कोपऱ्यात एक राहू द्यावा. लहानांना पाच-सात मिनिटांची गोष्ट पुरते, आणि भीतीचा उलगडा त्याच रात्री झाला पाहिजे. 'पुढचे उद्या' हे भुताच्या गोष्टीत चालत नाही. ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणत राहायचे, ही जुनी रीत जरूर पाळावी. हूं थांबला की मूल एकतर झोपले किंवा खरेच घाबरले, दोन्ही वेळा आवाज खाली आणायचा. विक्रम-वेताळ सांगत असाल तर त्यात तोंड मिटून ठेवायचा खेळ आयताच आहे: राजा बोलला की वेताळ परत झाडावर. दात घासलेले तोंड तेवढा वेळ बंद राहते. 'दात घासले नाहीस तर तो येईल' असे मात्र म्हणू नये. मग मूल भुताला घाबरत नाही, ब्रशला घाबरते.

फोनवरच्या आजी-आजोबांसाठी वेळेचा हिशेब. यंदा, २०२६ मध्ये, ३१ ऑक्टोबर शनिवारी आहे. न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा महाराष्ट्रात साडेसहा, दिवेलागणीची वेळ. न्यू जर्सीतून संध्याकाळी सातला फोन लावाल तर महाराष्ट्रात पहाटेचे साडेचार वाजलेले असतील. म्हणून सकाळी नऊला फोन करून गोष्ट ध्वनिमुद्रित करून घ्यावी, खिडकीतून रातकिडे ऐकू येत असतील तर फारच उत्तम, आणि रात्री दात घासून झाल्यावर लावावी. लक्ष्मीपूजन यंदा ८ नोव्हेंबरला आहे. फराळाचे डबे उघडण्याआधी पिशवी संपलेली बरी. रोज जेवणानंतर एक, उरलेले देऊन टाकावे. काही दंतवैद्य वजनावर चॉकलेटे विकत घेऊन सैनिकांना पाठवतात. सैनिकांनाही दात असतात, ही गोष्ट वेगळी.

३१ ऑक्टोबरच्याच रात्री दोन वाजता अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे जातात. मोठ्यांना तासभर जास्त झोप मिळते, मुलांच्या पोटातले घड्याळ मात्र मागे जात नाही. एरवी सहाला उठणारे मूल रविवारी पाचला उठेल, घर झोपलेले असेल, आणि ते पहिल्यांदा पिशवी शोधेल. तेव्हा शनिवारी रात्री गोष्ट संपल्यावर, दिवा मालवण्याआधी, पिशवी फडताळाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात गेली आहे ना, एवढे पाहावे.

आपले नम्र,
दोन बालदंतवैद्य, न्यू जर्सी